एका बेचिराख गावाची हकीकत

आपल्या जुन्या महसुली दप्तरांत ‘बेचिराख’ हा शब्द गावाच्या नावापुढे लिहिलेला आढळतो. मूळ फारसी शब्द ‘बेचिराग’. जेथे दिवा लागत नाही ते ठिकाण. गावाचे नाव, त्याची शीव, त्याची जमीन हे सर्व कागदावर कायम असते. परंतु तिन्हीसांजेला दिवा लावणारे माणूस तेथे उरलेले नसते. दप्तरातील ही नोंद खरी असते, तशीच ती अपुरीही असते. दिवा विझला, एवढेच ती सांगते. तो कोणी विझवला आणि विझलेल्या घराची मालकी पुढे कोणाकडे गेली, याविषयी ती मौन धरते.

आज ज्या गावाची हकीकत सांगावयाची आहे ते आपल्यापासून पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे प्रशांत महासागरात आहे. त्याचे नाव स्गांग ग्वाय. युरोपियन लोक त्याला ‘निन्स्टिंट्स’ म्हणत. तेथील एका नायकाच्या ‘नान स्दिन्स’ या कुलपरंपरागत नावाचा तो अपभ्रंश होय. हे गाव ओसाड होऊन सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला. तरी त्याची कथा संपलेली नाही, आणि ती न संपण्यातच तिचे मर्म आहे.

प्रथम स्थळाची ओळख करून घेऊ. कॅनडाच्या भूमीपासून हेकेट नावाच्या उथळ व वादळी सामुद्रधुनीने तोडलेला एक द्वीपसमूह आहे. त्याला आज हैडा ग्वाय, म्हणजे हैडा लोकांची बेटे, असे म्हणतात. त्याच्या अगदी दक्षिण टोकाजवळ, खुल्या महासागराचे तडाखे खात, स्गांग ग्वाय हे लहानसे बेट उभे आहे. नावाचा अर्थ सामान्यतः ‘आक्रोश करणारे बेट’ असा सांगतात. विशिष्ट भरतीच्या वेळी लाटांचे पाणी खडकातील एका छिद्रातून जोराने घुसते, आणि त्याचा विलापासारखा आवाज होतो. गाव मात्र पश्चिमेच्या वाऱ्याकडे पाठ करून, पूर्वेकडील एका निवाऱ्याच्या खाडीत वसलेले होते. खाडीच्या तोंडाशी आणखी एक चिमुकले बेट असल्यामुळे समुद्रातून जाणाऱ्यास गाव सहसा दिसत नसे. कोकणात वाढलेल्या मनुष्यास अशा जागेच्या निवडीतील शहाणपण समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे धान्य पिकत नव्हते, आणि ते पिकविण्याची आवश्यकताही नव्हती. समुद्रातून सामन, हॅलिबट, सील आणि शिंपले, तर रानातून फळे व कंदमुळे मिळत. पण या जीवनाचा खरा आधारस्तंभ म्हणजे तांबडा सीडर हा महावृक्ष. त्याच्या एका खोडातून मोठी होडी कोरून निघे. त्याच्या फळ्यांची घरे होत. त्याच्या सालीचे दोर, चटया आणि वस्त्रे होत. एका सपाट फळीला वाफ देऊन, ती तीन ठिकाणी वाकवून आणि चौथा कोपरा शिवून हैडा कारागीर अशी पेटी बनवीत, की तिच्यातून पाणी गळत नसे. ही पेटी श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

हैडा समाज दोन पक्षांत विभागलेला आहे. एक डोमकावळ्याचा, दुसरा गरुडाचा. कूळ आईकडून चालते, आणि विवाह विरुद्ध पक्षातच करावा लागतो. एखादा प्रतिष्ठित पुरुष वा स्त्री मरण पावली, तर अंत्यविधीचे काम विरुद्ध पक्षाच्या लोकांनी करावयाचे, असा दंडक होता. मृताचा देह वर सांगितलेल्या पेटीत ठेवून, ती पेटी एका उंच स्तंभाच्या माथ्यावरील पोकळीत बसवीत, आणि समोर कोरीव फळी लावीत. स्तंभावर डोमकावळा, गरुड, अस्वल, देवमासा अशा आकृती कोरलेल्या असत. पाश्चात्त्य प्रवाशांनी प्रारंभी त्यांस मूर्ती समजून ‘मूर्तिपूजा’ असे शेरे मारले. परंतु तेथे पूजेचा संबंध नव्हता. ती कुळांची चिन्हे होती. कोणत्या कुळास कोणते चिन्ह, कोणते नाव आणि कोणती भूमी सांगण्याचा अधिकार आहे, याचा तो उभा लेख होता.

लेख म्हटला की साक्षीदार आले. स्तंभ उभारताना मोठी मेजवानी होई, कुळाचा इतिहास सर्वांसमक्ष बोलून दाखविला जाई, आणि पाहुण्यांना भरघोस दान दिले जाई. या समारंभास ‘पॉटलॅच’ म्हणतात. पाहुण्याने दान स्वीकारले, म्हणजे ऐकलेल्या गोष्टीची साक्ष पत्करली. आपल्याकडे वतनाच्या तंट्यात गोतसभा बसे, आणि निवाड्याच्या महजरावर जमलेल्यांच्या साक्षी पडत, त्याच जातीचा हा व्यवहार. फरक इतकाच, की आपला महजर कागदावर राहिला आणि हैडांचा लाकडावर.

अशा या समाजाचा युरोपियनांशी पहिला नोंदलेला संबंध १७७४ साली आला. स्पेनचा हुआन पेरेस बेटांच्या उत्तर टोकाशी आला, होड्यांतून आलेल्या लोकांशी त्याने देवघेव केली, आणि तो निघून गेला. खरी उलथापालथ झाली ती कॅप्टन कुकच्या शेवटच्या सफरीनंतर. १७७८ साली कुकच्या खलाशांनी दक्षिणेकडील नूटका बंदरात समुद्री पाणमांजराची कातडी किरकोळ वस्तूंच्या बदल्यात घेतली होती. ती पुढे चीनमधील कॅन्टन येथे अवाच्या सवा किमतीस विकली गेली. या प्राण्याची लव इतकी दाट व मऊ असते, की चिनी श्रीमंतांत तिला मोठी मागणी होती. ही वार्ता पसरताच निरनिराळ्या देशांची जहाजे त्या किनाऱ्याकडे धावू लागली.

या धावपळीत आपली मुंबईही मागे नव्हती. मुंबईतील व्यापारी डेव्हिड स्कॉट याच्या साह्याने जेम्स स्ट्रेंज याने ‘कॅप्टन कुक’ आणि ‘एक्सपेरिमेंट’ अशी दोन जहाजे सज्ज केली. १७८५ च्या अखेरीस ती मुंबईहून निघाली, आणि १७८६ च्या उन्हाळ्यात नूटकाला पोहोचली. व्यापार म्हणून ही सफर तोट्याची ठरली. पण व्हँकूव्हर बेटाच्या वायव्य टोकास आजही ‘केप स्कॉट’ म्हणतात, ते या मुंबईकर व्यापाऱ्याच्या नावावरून. स्गांग ग्वाय तेथून समुद्रमार्गे उत्तरेस आहे. सारांश, ज्या लाटेने हे गाव पुढे बुडविले, तिच्यातील एक लहानसा तरंग आपल्या बंदरातून उठला होता.

१७८७ साली जॉर्ज डिक्सन हा इंग्रज कप्तान ‘क्वीन शार्लट’ या जहाजातून आला. एका मोसमात त्याने या बेटांवर १८२१ कातडी मिळविली, आणि बेटांना आपल्या जहाजाचे नाव देऊन तो निघून गेला. ज्या भूमीचे नाव तेथील माणसांना विचारावे असेही त्याला वाटले नाही, ती भूमी पुढे सव्वादोनशे वर्षे नकाशांवर ‘क्वीन शार्लट बेटे’ म्हणून मिरवली.

स्गांग ग्वायच्या नायकाचे नाव त्या वेळी कोया असे होते. १७८९ साली बोस्टनचा कप्तान जॉन केंड्रिक याचे जहाज तेथे व्यापारासाठी आले असता काही कपड्यांची चोरी झाली. केंड्रिकने कोया आणि दुसऱ्या एका नायकास पकडून त्यांचे पाय तोफेच्या गाड्यात अडकविले, आणि चोरीचा माल परत मिळूनही गावातील उरलीसुरली कातडी स्वतः ठरविलेल्या दराने काढून घेतली. कोयाचे केस कापण्यात आले, तोंडास रंग फासण्यात आला. ज्या समाजात नायकपद हे सर्वस्वी सर्वांसमक्ष राखलेल्या प्रतिष्ठेवर उभे असते, तेथे असा अपमान म्हणजे पदच्युतीच होय. दोन वर्षांनी, १७९१ साली, केंड्रिक पुन्हा आला, तेव्हा कोयाच्या लोकांनी जहाजावरील शस्त्रांच्या पेट्या ताब्यात घेतल्या. परंतु खलाशांनी जहाज परत जिंकले, आणि बंदुका व तोफांच्या माऱ्यात गावची अनेक माणसे, त्यांत स्त्रियाही, मारली गेली. या प्रसंगावर अमेरिकन खलाशांनी पोवाड्यासारखे एक गाणे रचले. अर्थात त्यातील वीर केंड्रिक होता. कोयाच्या बाजूचा पोवाडा मात्र छापून निघाला नाही.

तथापि व्यापाराने केवळ हानीच केली, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. लोखंडी हत्यारे पूर्वी दुर्मीळ होती. ती आता विपुल मिळू लागली. संपत्ती वाढली, आणि तिच्यासोबत मानपानाची चढाओढ वाढली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैडा शिल्पकलेस जो बहर आला, तो या लोखंडाच्या आणि संपत्तीच्या जोरावर. आज जे स्तंभ पाहून जग थक्क होते, ते बहुतेक याच काळातील. इकडे पाणमांजर मात्र हटत हटत नामशेष झाले. १८४० च्या सुमारास हडसन्स बे कंपनीच्या जॉन वर्क याने केलेल्या गणतीत या गावी २० घरे व ३०८ माणसे नोंदलेली आहेत. म्हणजे तोफा, दारू आणि परकीयांचे रोग सोसूनही गाव नांदते होते.

ते मोडले ते देवीच्या साथीने. १८६२ च्या मार्च महिन्यात सान फ्रान्सिस्कोहून आलेल्या एका आगबोटीतून देवीचा रोगी व्हिक्टोरिया शहरात उतरला. त्या शहराच्या कडेला उत्तरेकडील अनेक जमातींचे लोक कामधंद्यासाठी व व्यापारासाठी राहुट्या ठोकून राहत असत. त्यांत हैडाही पुष्कळ होते. साथ त्यांच्यात शिरली. अशा वेळी रोग्यांस तेथेच वेगळे ठेवणे आणि निरोग्यांस लस टोचणे, हा उपाय तेव्हा अज्ञात नव्हता. आपल्या मुंबईत पहिली देवीची लस १८०२ साली टोचली गेली होती. म्हणजे ही घटना त्यानंतर साठ वर्षांची. व्हिक्टोरियातही लस होती, आणि काहींना ती मिळालीही. परंतु उत्तरेकडून आलेल्या बहुतेकांच्या वाट्याला लसीऐवजी हकालपट्टी आली. अधिकाऱ्यांनी त्यांच्या छावण्या उठविल्या, झोपड्या जाळल्या, आणि तोफनौकेच्या पहाऱ्यात त्यांच्या होड्या उत्तरेकडे लावून दिल्या. त्या होड्यांतून रोगही प्रत्येक गावी घरोघर पोहोचला.

हैडा समाजाची त्यानंतरची स्थिती आकड्यांनीच सांगितलेली बरी. १८४० च्या सुमारास सहा हजारांहून अधिक असलेले हे लोक १९१५ पर्यंत सहाशेच्या आत आले. स्गांग ग्वाय येथे मृतांना पेटीत घालून स्तंभावर चढविण्यास जे विरुद्ध पक्षाचे हात लागत, तेच हात उरले नाहीत. जेथे रीतसर अंत्यविधी करता येत नाही, तेथे जिवंत माणसांनी राहावे कसे? १८८० नंतर थोड्याच काळात उरलेल्या मंडळींनी गाव सोडले, आणि ती उत्तरेकडील स्किडगेट या गावी इतर गावांच्या वाचलेल्या लोकांत मिसळून राहू लागली. याच गावच्या नायककुळातील टॉम प्राइस हा पुढे काळ्या आर्जिलाइट दगडाच्या कोरीवकामासाठी नावाजला.

देह गेले, त्यामागून दस्तऐवजावर घाला आला. १८८४ साली कॅनडाच्या संसदेने पॉटलॅच हा गुन्हा ठरविला, आणि तो निर्बंध १९५१ पर्यंत कायद्यात राहिला. मेजवानी नाही, तर साक्षीदार नाहीत. साक्षीदार नाहीत, तर नवा स्तंभ नाही. दस्त नोंदविण्याची कचेरीच बंद केल्यासारखे झाले. मग कोणीही यावे आणि म्हणावे, की या ओसाड बेटांवर मालकीचा पुरावा कोठे आहे? त्याच सुमारास जगातील वस्तुसंग्रहालयांचे प्रतिनिधी या किनाऱ्यावर हिंडू लागले. ओसाड गावांतून मुखवटे गेले, पेट्या गेल्या, स्तंभ गेले. एवढेच नव्हे, तर थडग्यांतून माणसांच्या अस्थीही गेल्या. नेणाऱ्यांचा युक्तिवाद एकच होता : गाव सोडून दिलेले आहे.

येथे आपल्या मुलखातील एका जुन्या न्यायाची आठवण होते. दुष्काळाने वा स्वारीने एखादा मिरासदार परागंदा झाला, तरी त्याची मिरास तेवढ्याने बुडत नसे. शेत दुसरा कोणी कसत असला, तरी मूळ मिरासदार वा त्याचा वंशज परत आल्यास त्याचा हक्क विचारात घेतला जाई. दख्खनचा कारभार हाती घेतलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनीही या चालीची नोंद करून ठेवली आहे. वंशच बुडाला, तरच जमीन ‘गतकुळी’ ठरे. संकटाने उठून जाणे आणि हक्क सोडून देणे यांतील हा भेद आपल्या पूर्वजांस पक्का ठाऊक होता. हैडांचे म्हणणे याहून वेगळे नव्हते. त्यांनी आपली भूमी कोणास विकली नव्हती, युद्धात हरली नव्हती, आणि कॅनडाशी तिच्याबाबत कोणताही तह केला नव्हता. त्यांचे कूळ गत झालेले नव्हते. ते स्किडगेट आणि मॅसेट येथे जिवंत होते.

१९५७ साली ब्रिटिश कोलंबियातील संशोधकांची एक तुकडी स्गांग ग्वायला गेली. स्किडगेट येथील वारसांची संमती घेऊन तिने चांगल्या स्थितीतील काही स्तंभ कापून संग्रहालयांत नेले. या तुकडीत बिल रीड हा शिल्पकार होता. त्याची आई हैडा होती, आणि तो स्वतः कॅनडाच्या नभोवाणीवर निवेदकाचे काम करीत असे. मातृकुळाच्या कलेचा हा वारसदार पुढे त्या कलेच्या पुनरुज्जीवनाचा एक अग्रणी झाला. स्तंभ नेल्यामुळे ते वाचले, हे खरे. आणि ते आपल्या मातीपासून तुटले, हेही खरे.

जे मागे राहिले, त्यांच्याविषयी हैडांनी घेतलेला निर्णय विचार करावयास लावणारा आहे. १९८१ साली युनेस्कोने या गावास जागतिक वारसास्थळांच्या यादीत स्थान दिले. त्या नोंदीत १० घरांचे अवशेष व ३२ स्तंभ सांगितलेले आहेत. आता जगाची अपेक्षा अशी, की रसायने लावून, छप्पर घालून हे लाकूड अक्षय करावे. हैडांचे मत निराळे पडले. स्तंभ हा झाडाचा आणि मृताचा; त्याने काही काळ उभे राहावे आणि मग मातीस मिळावे, हाच त्याचा धर्म. म्हणून भोवतीची झाडे छाटणे, फार झुकलेला स्तंभ सावरणे, एवढीच सेवा करावयाची आणि बाकी पाऊस, शेवाळ व काळ यांच्यावर सोपवावयाचे, असे धोरण त्यांनी स्वीकारले. आपल्या वाड्यांच्या तुळया आणि देवळांचे लाकडी सभामंडप जपण्याच्या खटपटीत असलेल्यांस हे कदाचित पटणार नाही. परंतु ज्याची वस्तू, त्यानेच तिचा शेवट ठरवावा, हे तत्त्व नाकारणे कठीण आहे.

गाव ओसाड असले, तरी आज ते राखणीवाचून नाही. दर उन्हाळ्यात हैडा राखणदार तेथे येऊन राहतात. जुन्या स्तंभांच्या माथ्यावर उंच टोप्या घातलेल्या, गावाकडे येणाऱ्या संकटावर नजर ठेवणाऱ्या मानवाकृती कोरलेल्या असत; त्यांवरून या राखणदारांस नाव मिळाले आहे. एका वेळी फक्त बाराजणांना किनाऱ्यावर उतरू देतात, आणि शिंपल्यांनी आखलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकू देत नाहीत.

मालकीचा प्रश्नही असाच पायरीपायरीने पुढे गेला. १९८५ साली लायल बेटावरील प्राचीन वृक्षांची तोड थांबविण्यासाठी हैडांनी रस्ता अडविला. ७२ जणांना अटक झाली. त्यांत वृद्ध माणसेही होती. तोड अखेर थांबली. १९९३ साली कॅनडा सरकार आणि हैडा यांच्यात दक्षिणेकडील प्रदेशाच्या संयुक्त व्यवस्थेचा करार झाला. त्या करारात भूमी कोणाची, याविषयी दोन्ही पक्षांची परस्परविरोधी मते शेजारी शेजारी छापलेली आहेत. भांडण न मिटविताही एकत्र कारभार करता येतो, याचा असा नमुना विरळाच. २००३ साली शिकागोच्या फील्ड संग्रहालयातून सुमारे १६० पूर्वजांच्या अस्थी परत आणून त्यांचे विधिपूर्वक दफन करण्यात आले. २०१० साली ‘क्वीन शार्लट’ हे नाव अधिकृतपणे रद्द झाले. त्या समारंभात हैडांनी ते जुने नाव एका वाकविलेल्या लाकडी पेटीत घालून सरकारच्या प्रतिनिधीस सन्मानाने परत केले. ज्या जातीच्या पेटीत ते आपले मृत ठेवीत, त्याच जातीच्या पेटीत दोन शतकांचा अन्याय ठेवून त्यांनी तो निरोपासह रवाना केला. रागावलेल्या माणसाला इतकी सभ्यता सहसा साधत नाही.

२०१३ साली लायल बेटावर ४२ फुटांचा एक नवा स्तंभ उभा राहिला. त्या दक्षिण प्रदेशातील गेल्या १३० वर्षांतील तो पहिला. त्यावर १९८५ साली हातात हात गुंफून उभे राहिलेल्या माणसांच्या आकृतीही कोरलेल्या आहेत. दस्त नोंदविण्याची बंद पडलेली कचेरी अशा रीतीने पुन्हा उघडली. आणि एप्रिल २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या प्रांतिक सरकारने सबंध हैडा ग्वायवर हैडांचा मूळ हक्क करारपूर्वक मान्य केला. खाजगी मालकीच्या घरांना व जमिनींना त्यामुळे बाध आलेला नाही. ज्यांना एके काळी घरातून हाकलण्यात आले, त्यांनी हक्क मिळताच शेजाऱ्यास घरातून हाकलले नाही, ही गोष्टही इतिहासाने नोंदवावी.

स्गांग ग्वाय येथील स्तंभ दरवर्षी थोडेथोडे झुकत आहेत. त्यांच्या माथ्यावरील पोकळीत सीडरची व स्प्रूसची रोपे उगवली आहेत. पुढेमागे तेथे नुसते रान उरेल, आणि तेही हैडांच्या संमतीने. बेचिराख गावाची दप्तरातील नोंद म्हणूनच जपून वाचली पाहिजे. तीन शब्दांच्या त्या नोंदीमागे कधी दुष्काळ असतो, कधी स्वारी, कधी साथ, कधी धरणाचे पाणी. आणि प्रत्येक वेळी कोठेतरी दूर दुसऱ्याच वस्तीत, त्या गावचे नाव सांगणारी माणसे दिवा लावून बसलेली असतात.